कसारा घाटातला बँकर: डब्ल्यूएएम-४ च्या बॉडीपासून डब्ल्यूसीजी-२

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात देवळाली गावातल्या एक शिक्षिका चपलांच्या खोक्यात इंजिनाची बॉडी घेऊन माझ्याकडे आल्या. एचओ मापाची, म्हणजे मूळ इंजिनाच्या १:८७, राखाडी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली. एका हौशी माणसाकडून त्यांनी ती विकत घेतली होती. खाली बसवायला एका परदेशी डिझेल मॉडेलची सहा आसांची जुनी चासीही मिळवली होती. "काका, रंग द्यायचा आणि नंबर टाकायचा, एवढंच काम आहे," त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात, मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते. लोको पायलट हा शब्द तेव्हा आला नव्हता. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी इगतपुरीला बँकरवर, म्हणजे घाटात गाडी मागून ढकलणाऱ्या इंजिनावर, काढली. ऑक्टोबरात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. त्या दिवशी त्यांचं इंजिन त्यांच्या हातात ठेवायचं आणि तोवर त्यांना काही कळू द्यायचं नाही, असा ताईंचा बेत.

बॉडी डब्ल्यूएएम-४ या विजेच्या इंजिनाची होती. कुठलंही काम घेण्याआधी मी विचारतो तेच विचारलं: नेमकं कुठलं इंजिन, आणि कुठल्या सालचं? एकाच कारखान्यातून लागोपाठ निघालेली दोन इंजिनंसुद्धा दहा वर्षांनी सारखी राहत नाहीत. एकाची जाळी बदलते, दुसऱ्याचा हॉर्न सरकतो, तिसऱ्याच्या दाराला पत्र्याचं ठिगळ बसतं. साल ठरवलं नाही तर मॉडेलवर प्रत्येक काळातलं थोडं थोडं येतं आणि असं इंजिन रुळावर कधी धावलेलंच नसतं.

ताईंनी पर्समधून एक फोटो काढून माझ्यापुढे ठेवला.

फोटो

कृष्णधवल, पोस्टकार्डापेक्षा जरा लहान. मागे शाईने लिहिलेलं: 'इगतपुरी, जाने. ८६'. यार्डात उभं इंजिन, कॅबच्या दारातल्या दांडीला धरून पायरीवर उभे तरुण तात्या. इंजिनाची दिसणारी बाजू काळोखी, वरचं आकाश मात्र पांढरंशुभ्र. पुढचा चेहरा, काचा, एकूण पेटी डब्ल्यूएएम-४ शी बरीच मिळती. ताईंनी इंटरनेटवर चित्रं पाहून तीच बॉडी मागवली, यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला फोटोतलं इंजिन आणि डब्ल्यूएएम-४ भावंडंच दिसतात.

मी अडलो तो 'बँकर' या शब्दापाशी.

मुंबईहून नाशिककडे येणारी गाडी रेल्वेच्या भाषेत डाऊन, पण कसाऱ्यापासून ती चढायला लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६५ साली खुला केलेला हा थळ घाट, आपल्या बोलण्यातला कसारा घाट. चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पुढचं इंजिन एकट्याने जड गाडी वर आणू शकत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या पाठीशी जादा इंजिनं लावतात. ती ढकलत वर आणतात आणि इगतपुरीला सुटून पुन्हा खाली जातात. तेच बँकर. हा घाट १९३० मध्ये विजेवर आला तो १,५०० व्होल्ट डीसीवर. इगतपुरीच्या पुढे, नाशिक-मनमाड-भुसावळच्या बाजूला, १९६० च्या दशकाच्या अखेरीस २५,००० व्होल्ट एसी आली. त्यामुळे इगतपुरी हे दोन प्रकारच्या विजेच्या शिवेवरचं स्टेशन झालं. डीसीचं इंजिन इथे सुटायचं, एसीचं लागायचं आणि तेवढ्या वेळात प्लॅटफॉर्मवरचे वडे संपायचे. आमच्या पिढीतल्या नाशिककरांना तो थांबा चांगला आठवतो. घाटातली डीसी २००० नंतरच्या दशकात गेली.

डब्ल्यूएएम-४ हे निव्वळ एसीचं इंजिन. १९८६ साली ते कसारा घाटात चढूच शकलं नसतं. पण फोटो घाटातला नव्हता, इगतपुरीतला होता, आणि तिथे दोन्ही जातींची इंजिनं शेजारीशेजारी उभी असायची. माणूस मित्राच्या इंजिनापाशी उभा राहूनही फोटो काढून घेतो. म्हणजे तात्या बँकरवर होते एवढ्यावरून फोटोतलं इंजिन बँकर ठरत नव्हतं.

उत्तर छतावर होतं. कॉलेज रोडच्या एका स्टुडिओत फोटो २,४०० डीपीआयवर स्कॅन करून घेतला. बाजू काळोखी असली तरी पांढऱ्या आकाशामुळे छताची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ आली होती. एक हजार किलोवॅट ताकद तारेतून घ्यायची तर १,५०० व्होल्टवर साधारण ६६७ अँपिअर लागतात. २५,००० व्होल्टवर पॉवर फॅक्टर बाजूला ठेवला तर ४०. म्हणून डीसीच्या छतावर जोडण्या जाड आणि इन्सुलेटर बुटके असतात. एसीच्या छतावर उलट: वाहक सडपातळ, पण ते पत्र्यापासून लांब ठेवायला उंच, अनेक चकत्यांचे इन्सुलेटर. शिवाय डब्ल्यूएएम-४ च्या छतावर ज्याला रेल्वेवाले 'डीजे' म्हणतात तो मोठा सर्किट ब्रेकर आडवा बसलेला असतो, लपवूनही लपत नाही. फोटोतल्या छतावर डीजे नव्हता. इन्सुलेटर पेंटोच्या, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या सांगाड्याच्या, पायाशी जेमतेम दिसत होते.

नंबरप्लेटवरचे पहिले तीन आकडेही स्कॅनमध्ये लागले: २०१. आता शंका उरली नाही. हे डब्ल्यूसीजी-२. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७० च्या दशकात बांधलेली डीसी मालगाडी इंजिनं, एकूण ५७, क्रमांक २०१०४ ते २०१६०. घाटात त्यांच्या आधी १९२८ पासून आलेले 'खेकडे', म्हणजे डब्ल्यूसीजी-१, राबत होते. त्यातला ४५०२ क्रमांकाचा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. खेकडा लोकांच्या लक्षात राहिला, कारण त्याचं रूपच तसं. डब्ल्यूसीजी-२ कडे कौतुकाने कुणी फारसं पाहिलं नाही, आणि एका जिल्ह्याच्या घाटासाठी इतकं ओझं वाहिलेल्या इंजिनाबाबत मला ते नेहमी लागतं. हे काम मी लगेच घेतलं त्यामागे हेही होतं.

बॉडी टाकायची की वाचवायची

ताईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पैसे गेले का काका?"

गेले नव्हते. अल्को कंपनीच्या रचनेच्या ट्रायमाउंट बोगी, म्हणजे तीन आसांची चाकं धरणारे सांगाडे, डब्ल्यूडीएम-२ (डिझेल), डब्ल्यूएएम-४ आणि डब्ल्यूसीजी-२ या तिन्हींखाली आहेत. पुढचा चेहरा आणि पेटीची चौकटही कामाची होती. बदलायचं होतं ते छत, दोन्ही बाजूंच्या लूव्हरची (हवा खेळण्यासाठीच्या तिरक्या पट्ट्यांची) आणि खिडक्यांची मांडणी आणि बरंच किरकोळ सामान.

दुसरा मार्ग होता नवी बॉडी संगणकावर रेखाटून पुन्हा प्रिंट करण्याचा. अंबड एमआयडीसीत ते काम करणारे ओळखीचे आहेत आणि खर्चही फार वाढला नसता. मी तो मार्ग घेतला नाही. नवी बॉडी रेखाटायची तर प्रत्येक मिलिमीटरचं उत्तर द्यावं लागतं, आणि माझ्याकडे होता एक फोटो. जिथे माहिती नाही तिथे संगणक जागा मोकळी सोडत नाही, आपण अंदाजाने भरतो आणि चार दिवसांनी तो अंदाज होता हे आपणच विसरतो. हातातल्या बॉडीत फेरफार करताना तसं होत नाही. फोटो जिथे पुरावा देतो तेवढंच कापायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. कुठे आपण बदललं आणि कुठे जुनं राहिलं, हे करवतीच्या खुणांवरूनच कळत राहतं. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये माझी तीस वर्षं गेली. ड्रॉइंगवर माप नसेल तर धातूला हात लावायचा नाही, ही तिथली सवय इथेही टिकली आहे.

मापं

फोटोतून माप काढायला आधी एक माहीत असलेली लांबी लागते. नवखे लोक चाक धरतात. नव्या चाकाचा व्यास १,०९२ मिलिमीटर, पण चाक झिजतं आणि शेडमध्ये ते खरडून पुन्हा गोल करतात, त्यामुळे फोटोतलं चाक नेमकं किती होतं हे सांगता येत नाही. आसांमधलं अंतर झिजत नाही. ट्रायमाउंट बोगीच्या पहिल्या आणि तिसऱ्या आसातलं अंतर ३,८१० मिलिमीटर, आमच्या मापात ४३.८. ती माझी पट्टी झाली. इंजिन फोटोत तिरकं होतं, म्हणून जवळच्या बोगीवरून काढलेली पट्टी दूरच्या टोकाला चालत नाही. दोन्ही बोगींवर वेगवेगळी पट्टी काढून मधल्या भागासाठी त्यांच्यात हळूहळू सरकत गेलो. दोन रविवार यात गेले आणि शेवटी बाजूच्या प्रत्येक चौकटीची रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली.

लूव्हर मोजणं सगळ्यात कठीण. डीसी इंजिनात गाडी उचलताना जादा वीज रेझिस्टन्समध्ये जाळावी लागते, ते तापतात, आणि तो ताव बाहेर काढायला हवा खेळती लागते. बाजूंना लूव्हर आहेत ते शोभेला नाहीत. काळोख्या बाजूवर एकाच चौकटीत पट्ट्या सुट्या दिसत होत्या. तेवढ्या मोजल्या, त्यांच्यातलं अंतर काढलं आणि त्याच उंचीच्या इतर चौकटींना तेच अंतर लावलं. वेगळ्या उंचीच्या एका चौकटीत मात्र काहीच दिसत नव्हतं. तिथे मी बराच वेळ थांबलो होतो, त्याबद्दल पुढे.

कापाकापी

बॉडीवरचे जुने लूव्हर छिन्नीने खरवडून पाहिले, पण रेझिन ठिसूळ असतं, कडा तुटायला लागल्या. मग पूर्ण चौकटीच कापून काढल्या. कोपऱ्यांना ०.८ मिलिमीटरची भोकं पाडायची, भोकाभोकांमध्ये रेझर सॉने रेघ ओढत जायचं, शेवटी कानशीने सरळ करायचं. त्या जागी स्टायरीनच्या, म्हणजे मॉडेलसाठीच्या प्लॅस्टिक पत्र्याच्या, चौकटी बसवल्या. स्टायरीनला स्टायरीन जोडणारा पातळ सिमेंट रेझिनला धरत नाही, हे अनेकांना चार जोड निखळल्यावर कळतं. तिथे अरल्डाइट लागतं.

लूव्हरच्या पट्ट्या आधी ०.५ मिलिमीटर स्टायरीनच्या कापल्या. बसवून लांबून पाहिलं तर इंजिनाला शटर लावल्यासारखं दिसायला लागलं. ०.५ म्हणजे मूळ मापात साडेत्रेचाळीस मिलिमीटर जाड पत्रा. असा पत्रा कोण लावेल? सगळ्या काढल्या आणि ०.२५ च्या कापल्या. त्याही प्रत्यक्षात बावीस मिलिमीटर होतात, पण कड तिरकी तासली की डोळा मानतो. एका बाजूला तीन संध्याकाळी लागल्या. पट्टी बसवताना श्वास धरावा लागतो, आणि जुलैत नाशिकच्या दमट हवेत घामाचा थेंब पडला तर तेवढी चौकट पुन्हा.

छत पूर्ण सपाट करून घेतलं. डीजे कापला, उंच इन्सुलेटर कापले, सगळं २२० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलं. बुटक्या इन्सुलेटरसाठी मी बराच काळ लेथवर पितळ कातायच्या विचारात होतो. शेवटी मेन रोडवर भरतकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात आरीवर्कचे दीड मिलिमीटरचे मणी मिळाले. तपकिरी, चकचकीत, चिनीमातीच्या इन्सुलेटरसारखेच. दोन मणी एकावर एक, मधून ०.४ ची तार. तीच तार दारांच्या दांड्यांना वापरली. ती द्वारकेजवळच्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार. वरचा लाखेचा थर खरवडल्याशिवाय तिच्यावर रंग टिकत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

न दिसणारी बाजू

जुलै संपत आला आणि एक बाजू जवळजवळ पूर्ण झाली. मग दुसरी बाजू हातात घेतली आणि थांबलो. फोटोत ती नव्हती. अशा इंजिनांच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, आत यंत्रं कुठे आहेत त्यावर बाहेर लूव्हर की खिडक्या हे ठरतं. झालेली बाजू आरशात पाहिल्यासारखी उलटी करून लावता आली असती. ताईंना फरक कळला नसता, मलाही खात्रीने चूक म्हणता आली नसती. पण ज्या माणसाने त्या इंजिनाच्या पोटात वर्षं काढली त्याच्या हातात ते जाणार होतं.

मी ताईंना म्हणालो, "तात्यांना विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही." त्यांना वाईट वाटलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला: "या रविवारी. मी सांगितलंय त्यांना. रडले थोडे. आता तुमची वाट बघतायत."

तात्या खुर्चीत ताठ बसले होते. अर्धवट बॉडी हातात घेऊन त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते मी वहीत उतरवून ठेवलंय: "साहेब, ड्रायव्हरला इंजिन बाहेरून नसतं दिसत. आतून दिसतं." दुसऱ्या बाजूला काय होतं, हा प्रश्न त्यांना लागेना. लूव्हर किती, खिडक्या किती, ते गोंधळायला लागले. वय झाल्याचं बोलून दाखवायला लागले, तेव्हा मलाच कसंतरी झालं. प्रश्न माझा चुकत होता.

मग मी विचारलं, "तात्या, थंडीत इगतपुरीला उभे असताना ऊन कुठून आत यायचं?"

त्यांनी लगेच उजवा हात उचलला. नाशिककडे तोंड करून उभे असलो की उजव्या अंगाने. जानेवारीत सकाळी वर आलं की हात गारठलेले असायचे, कॉरिडॉरमध्ये जाऊन त्या उन्हाच्या चौकोनात उभे राहायचे. उठून त्यांनी खोलीतच कॉरिडॉर चालून दाखवला: कॅबच्या दारातून आत, इथे पहिला चौकोन, दोन पावलं अंधार, इथे पुढचा. पावलागणिक त्यांनी मला खिडक्यांच्या जागा दिल्या. मी टेपने त्यांचं पाऊल मोजलं आणि सगळं वहीत घेतलं.

हे का महत्त्वाचं, ते सांगतो. इगतपुरीपाशी लोहमार्ग साधारण पूर्वेकडे जातो, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून चालतो, तेव्हा नाशिककडे तोंड केलं की दिवसभर उजवी बाजू उन्हात आणि डावी सावलीत. फोटो जानेवारीचा. फोटोतली बाजू काळोखी होती ती कॅमेऱ्याच्या दोषामुळे नव्हे, ती उत्तरेची, सावलीतली बाजू होती. आणि बँकर कधी फिरवत नाहीत. चढताना जे तोंड पुढे, उतरताना तेच तोंड मागे. म्हणून तात्यांची उन्हाची बाजू दिवसेंदिवस एकच राहिली, आणि ती फोटोत न दिसणारीच बाजू होती. माणूस आणि फोटो एकमेकांच्या जागा भरत होते.

पावलांवरून काढलेल्या जागा बॉडीच्या चौकटींशी ताडून पाहिल्या. एक जागा सोडून बाकी सगळ्या मूळ डब्ल्यूएएम-४ च्या बॉडीतल्या उभ्या सांध्यांच्या मध्ये नीट बसल्या. न बसलेली एक जागा मी बदलली नाही, बॉडीत होती तशी ठेवली आणि ताईंना दिलेल्या कागदावर तसं लिहिलं. पहिल्या बाजूच्या त्या न दिसणाऱ्या चौकटीलाही शेवटी तेच केलं. तात्यांना विचारलं नाही, कारण ती बाजू त्यांच्या उन्हाची नव्हती आणि नको त्या प्रश्नाला ते माझ्यासाठी काहीतरी उत्तर देतील अशी मला भीती होती.

बोगी

ट्रायमाउंट बोगीचं वैशिष्ट्य असं की तिच्या तीन आसांमधली दोन अंतरं सारखी नाहीत. ताईंनी आणलेल्या परदेशी चासीत ती सारखी होती. बाहेरची बोगीची चौकट मूळ बरहुकूम केली तर मधलं चाक आपल्या पेटीपासून दोन-अडीच मिलिमीटर सरकलेलं दिसतं. चाकं हलवायची तर आतले गिअर नव्याने करायला हवेत. मी चौकट बरोबर ठेवली आणि चाक चुकीचं राहू दिलं. मधलं चाक काळ्याकुट्ट रंगाने झाकलं की सावलीत जातं, चौकट मात्र समोर असते. गेजचंही तसंच. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, १:८७ मध्ये १९.३ होतो, बाजारात रूळ मिळतात ते १६.५ चे. त्यावर वाद घालत बसण्यात मला रस नाही. बफर मात्र १,९५६ मिलिमीटरच्या हिशोबाने २२.५ वरच आहेत, कारण समोरून पाहताना इंजिनाचा चेहरा त्यावरच ठरतो.

रंग आणि ऑगस्ट

रंग तात्यांच्या आठवणीतून आला. गेरू आणि वीट यांच्या मधला, धुळीने वरून फिका पडलेला. चार छटांच्या पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या, त्यांनी एकीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पण हा धुतलेला आहे." तेव्हा दुसरी घेतली.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात घाई केली. बाहेर संततधार, गोदावरीला पाणी वाढलेलं, आणि मी बाल्कनीत एअरब्रशने लॅकर मारला. अर्ध्या तासात सगळ्या बॉडीवर पांढुरकी झाक चढली. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. हे मला माहीत होतं, तरी तारखेकडे पाहून मी थांबलो नाही. रंग काढायला बॉडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवली आणि रात्रभर विसरलो. रेझिनला ते मिनिटांपुरतं चालतं, रात्रभर नाही. सकाळी एका कॅबचा कोपरा फुगून तडकला होता, लूव्हरच्या दोन चौकटी सुटल्या होत्या.

त्या सकाळी मी काही केलं नाही. चहा झाला, पंचवटीत जाऊन आलो. दुपारी तडीत खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचे थेंब सोडले. ते क्षणात दगडासारखं होतं आणि कानशीने घासता येतं. चौकटी पुन्हा बसवल्या. पुढचे पंधरा दिवस बॉडी तांदळाच्या डब्याशेजारी बंद कपाटात सुकत ठेवली. सप्टेंबरात एक कोरडा आठवडा मिळाला तेव्हा दुपारी बारा ते तीनमध्ये पातळ पातळ थर दिले. तो कोपरा हाताला आजही लागतो. रंगाखाली दिसत नाही.

तात्यांच्या घरी

पंचाहत्तरीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. औक्षण झाल्यावर ताईंनी इंजिन तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी उन्हाची बाजू डोळ्यांसमोर धरली आणि खिडक्यांवरून एकेक बोट फिरवलं, मग उलटं करून फोटोतली बाजू पाहिली. नातवाने विचारलं, "आजोबा, हे किती लांब जायचं?" तेव्हा त्यांनी सांगितलं, कसारा ते इगतपुरी, जेमतेम चौदा किलोमीटर, तेवढंच, रोज. नातवाने माझ्याकडून १:८७ समजून घेतलं आणि मोबाइलवर भागाकार केला. १६० मीटर. आणि चढ? मी म्हणालो, एका मजल्याच्या थोडं वर.

मग तात्यांचं बोट कॅबच्या दाराखाली थांबलं.

"ही खालची पायरी," ते म्हणाले, "अजून खाली हवी."

फोटोत ती पायरी रुळाकडेच्या गवतात बुडालेली होती, मी ती बॉडीत होती तशीच ठेवली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, उठले, दाराच्या चौकटीला धरून उजवा पाय न पाहता खाली सोडला. पाऊल जिथे टेकलं तिथे मी घरातल्याच पट्टीने जमिनीपासूनची उंची आणि दुसऱ्या पायापर्यंतचं अंतर मोजलं. चार वेळा करायला लावलं. चारही वेळा पाऊल एक बोटाच्या आत पडलं.

आकडा ८७ ने भागला तर पायरी सव्वा मिलिमीटरने वर होती. इंजिन मी त्याच संध्याकाळी खोक्यात घालून परत आणलं. चारही पायऱ्या कापल्या आहेत, नव्या पितळेच्या पट्टीच्या आहेत. रंग ओला असल्याने आणखी दोन दिवस लागतील.